फोडणीशिवायचा स्वयंपाक: लागोसमध्ये शिकलेले नायजेरियन पदार्थ

नायजेरियन स्वयंपाकात फोडणी नसते. मोहरी तडतडत नाही, जिरं फुलत नाही, हिंगाची चिमूट पडत नाही. आपल्या हाताला पहिल्या दोन मिनिटांत जे करायची सवय असते ते सगळं इथे गळून जातं, आणि तरीही पदार्थ असा उतरतो की बोटं चाटत राहावीत. ही चव येते कुठून, ते मला इथल्या बायकांच्या शेजारी चुलीपाशी उभं राहूनच कळलं. ते एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही लागोसला इकेजा भागात राहतो. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात. इकेजा, इलुपेजू या भागांत भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे तूरडाळ, पोहे, रवा, लोणची सगळं मिळतं. वर्षानुवर्षं इथे राहूनही इथल्या मातीतलं काही एकदासुद्धा शिजलं नाही अशी घरं मला माहीत आहेत, आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते. माझं माहेर मालवणकडचं. सुकटीच्या वासात वाढलेल्या माणसाला इथला बाजार परका वाटायचं कारणच नाही.

खालच्या मजल्यावर इबादानच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना आंटीच म्हणते. सकाळी जिन्यात भेटल्या की गुडघे किंचित वाकवून ‘ए कारो मा’ म्हणायचं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच शिकले. ‘आंटी, मला तुमचा स्वयंपाक शिकवाल का?’ असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘शिकवीन, पण आधी बाजारात चल. बाजार नीट झाला की अर्धं शिजलंच म्हणून समज.’

लागोसमधला भाजीपाल्याचा सर्वांत मोठा बाजार माईल ट्वेल्व्हचा. कानो, कडुना या उत्तरेकडच्या भागांतून टोमॅटो आणि मिरच्या ट्रक भरभरून इथे येतात. टोमॅटो येतात ते विणलेल्या पाट्यांमधून, आणि पाटीतले तळचे किती फुटलेत ते हात घालून बघितल्याशिवाय आंटी पुढे बोलतच नाहीत. 2016 साली कडुनात टूटा नावाच्या किडीने टोमॅटोची शेतं साफ झाली, तेव्हा सरकारने तिथे आणीबाणी जाहीर केली होती. टोमॅटोसाठी आणीबाणी हे ऐकायला नवल वाटतं, पण इथल्या जेवणात लाल रसाला काय मान आहे ते पाहिलं की पटतं.

कडधान्यं आणि बिया वजनावर विकत नाहीत, मापाने विकतात. डेरिका नावाच्या टोमॅटो पेस्टचा मोठा डबा कधीकाळी घरोघरी आला आणि तोच माप होऊन बसला. ‘एक डेरिका चवळी’, ‘दोन डेरिका एगुसी’ असा हिशेब. त्याहून मोठं माप म्हणजे रंगाची बादली. पायली, अधोली, चिपटं ऐकलेल्या माणसाला हे पटकन अंगवळणी पडतं. माप शिगोशीग भरून वर थोडं घालून घ्यायचं असतं, आणि ते हक्काने मागायचं असतं.

मिरच्या तीन. तताशे ही लाल, निमुळती, मांसल, गोडसर मिरची. तिचं काम रंग आणि अंग देण्याचं. शोम्बो लांब आणि बारीक, मध्यम तिखट. आणि तिसरी रोडो, म्हणजे सुरकुतलेल्या फुग्यासारखी छोटी गोल मिरची, जिचा तिखटपणा घशात उतरतो आणि जिला फळासारखा एक गोड गंध असतो. रोडो घेताना आंटी देठाजवळ नाक नेतात. वास आला नाही तर रंग कितीही सुंदर असो, पुढच्या ढिगाकडे वळतात. पहिल्यांदा रोडो चिरताना हातमोजे घालावेत किंवा हाताला आधी तेल चोळावं, हे मी माझ्याकडच्या प्रत्येक पाहुणीला सांगते.

आता मूळ रस्सा. तो जमला की दक्षिण नायजेरियातले निम्मे पदार्थ हातात आले असं मी खात्रीने सांगते. चार-पाच माणसांसाठी सात-आठ तताशे, तीन-चार टोमॅटो, दोन रोडो आणि एक मोठा कांदा एकत्र वाटायचा. आता बहुतेक घरांत मिक्सर आहे, तरी बाजारात गिरणीसारखी यंत्रं असतात. बादली नेली की समोर दळून देतात, आणि वीज गेली तरी ती डिझेलवर चालतात. वाटण पातेल्यात ओतून तेलाचा थेंबही न घालता आधी नुसतं उकळायचं. वर फेस येतो, कच्च्या टोमॅटोचा आंबट वास सुटतो, तो हळूहळू जातो. अर्ध्या तासात पाणी आटून लालभडक गोळा उरतो. मग दुसऱ्या भांड्यात भरपूर तेल, त्यात पातळ चिरलेला कांदा, आणि कांदा पारदर्शक झाला की हा गोळा.

इथून खरं काम सुरू होतं. मध्यम आचेवर सतत ढवळत परतायचं. आधी रस तेल पिऊन घेतो आणि वाटतं की तेल कमी पडलं. तेल वाढवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी कडेने तेल सुटायला लागतं, रंग विटकरीकडे झुकतो आणि पातेल्यातला आवाज बदलतो: आधी बुडबुड असते, नंतर बारीक चर्रचर्र ऐकू येते. आंटी त्या आवाजावर चालतात. एकदा मी झाकण उघडून बघायला गेले तर म्हणाल्या, ‘बघू नकोस, ऐक. पाणी बोलतंय तोवर झालेलं नाही.’ आपण मसाला तेल सुटेपर्यंत परततो, पण इथे मसाला नाहीच. त्यामुळे सगळा भार या एका परतण्यावर आहे. घाई केली तर पदार्थ आंबट आणि कच्चट राहतो आणि मग कुठलीही पूड त्याला सावरत नाही.

त्यात घालायचं पाणी म्हणजे मटण किंवा कोंबडी शिजवलेलं पाणी. ते शिजवताना कांदा, मीठ, थाइम नावाचा वाळलेला सुगंधी पाला, मॅगीची वडी आणि चिमूटभर करी पावडर घालतात. ही करी पावडर इंग्रजांबरोबर आली आणि इथे राहिली. पिवळी, सौम्य, मेथीच्या वासाची. आपल्याकडची माणसं तिला नाक मुरडतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही. थाइम आणि करी पावडरची ती जोडी हाच इथल्या रविवारच्या घराचा वास आहे. तिच्या जागी गोडा मसाला घातला तर पदार्थ चांगला होईल, पण तो इथला राहणार नाही.

या रस्स्यातून मी पहिला शिकलेला मोठा पदार्थ म्हणजे एफो रिरो, योरुबा लोकांची पालेभाजी. तिला टोमॅटो जवळजवळ चालत नाही. तताशे, रोडो आणि कांदाच. भाजी घ्यायला गेलो तेव्हा आंटींनी ‘शोको’ म्हणून एक जुडी हातात दिली आणि मी पानं उलटीसुलटी करून पाहत राहिले. तो कुरडू होता. पावसाळ्यात आपल्याकडे माळावर उगवतो तोच. इंग्रजीत तर त्याचं एक नाव ‘लागोसचा पालक’ असंच आहे. शेजारी ‘तेते’ म्हणून माठाची भावंडं होती. कोकणात कुरडूची भाजी खोबरं घालून होते. इथे ती आधी गरम पाण्यातून काढून घट्ट पिळतात, कारण पानाचं पाणी रस्स्यात उतरलं की सगळी मेहनत वाया.

एफो रिरोचा जीव आहे इरू. आफ्रिकेतल्या एका शेंगाळ झाडाच्या बिया उकडून, सोलून, दोन-तीन दिवस आंबवतात. तयार होतो तो काळपट, चिकट, उग्र वासाचा गोळा. अख्ख्या दाण्यांचा तो इरू वोरो, ठेचलेला तो इरू पेते. उत्तरेकडे हौसा लोक यालाच दवादवा म्हणतात. पहिल्यांदा डबा उघडला तर माणूस दोन पावलं मागे सरकतो. पण लाल पाम तेलात कांद्याबरोबर एक चमचा इरू पडला की तोच वास खोल, मांसाच्या रसासारखा होतो. सुक्या मासळीचा वास तव्यावर पडल्यावर कसा बदलतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायची गरज नाही.

पाम तेलाबद्दल दोन शब्द. आपल्या रेशनच्या दुकानात मिळायचं ते पामोलीन पिवळसर, बिनवासाचं. इथलं तेल गर्द केशरी-लाल, दाट, स्वतःची चव असलेलं. या ताडाचं मूळ घर पश्चिम आफ्रिकाच. 1848 साली चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत लावली गेली आणि तिथून पुढे आग्नेय आशियातले मळे उभे राहिले. घरच्या स्वयंपाकात हे तेल धुरावू द्यायचं नाही, नुसतं सैल आणि गरम करायचं. अपवाद अयामासे नावाच्या हिरव्या मिरचीच्या रस्स्याचा. त्यासाठी तेल इतकं तापवतात की लाल रंग उडून जातो. धूर घरभर होतो, म्हणून ते मी गॅलरीतच करते. हा रस्सा ओफादा तांदळाबरोबर खातात. ओगुन राज्यातल्या ओफादा गावाच्या नावाचा हा तांदूळ जाडा, तपकिरी रेषा असलेला, आणि शिजताना त्याचा वास घरभर पसरतो. मला तो आपल्या लाल तांदळाहूनही आवडायला लागलाय.

मोई मोईवर मात्र मला थांबून लिहायचंय.

मोई मोई म्हणजे चवळीचं वाटण पानात बांधून वाफवलेलं. आपली चवळी मुळात आफ्रिकेचीच, आणि आज जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियातच पिकते. ज्वारी, बाजरी आणि नाचणीही आफ्रिकेतूनच आपल्याकडे आल्या. इथल्या उत्तर भागात गेलात तर ज्वारीच्या पिठाचा तुवो आणि बाजरीचा कुनू मिळतो. पण आपण चवळीची उसळ करतो आणि थांबतो. इथे चवळीचं साल काढण्यापासून गोष्ट सुरू होते.

चवळी फक्त दहा-पंधरा मिनिटं भिजवायची. जास्त भिजली तर साल दाण्याला धरून बसतं. मग ओल्या दाण्यांना उखळात हलकेच दाबायचं किंवा दोन्ही तळव्यांत जोरात चोळायचं. सालं सुटली की वर पाणी ओतायचं. सालं तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची. पुन्हा चोळायचं, पुन्हा पाणी. आठ-दहा पाण्यांनंतर चवळीचा काळा डोळा आणि साल दोन्ही जाऊन पांढरीशुभ्र डाळ उरते. आमच्याकडे हे काम मुलांनी आनंदाने उचललंय. आंटींच्या घरी मात्र हे बायकांचं गप्पांचं काम. शनिवारी सकाळी अंगणात चार परात, चार बायका आणि सगळ्या चाळीच्या बातम्या.

सोललेली डाळ तासभर भिजवून तताशे, रोडो आणि कांद्याबरोबर अगदी गुळगुळीत वाटायची. डाळ रवाळ राहिली तर मोई मोई चिरडली जाते. मग मीठ, तेल, मटणाचं कोमट पाणी, सुक्या कोलंबीची पूड. वाटण इडलीच्या पिठाहून बरंच पातळ हवं. पळीतून धार पडली पाहिजे. घट्ट राहिलं तर विटेसारखं बसतं.

आणि मग पानं. बाजारात ‘एवे एरान’ म्हणून पानांचे भारे मिळतात. लांब देठाची, रुंद, पातळ पण न फाटणारी पानं. या झाडाच्या लाल फळापासून साखरेच्या हजारो पट गोड असा पदार्थ काढतात, पण इथे किंमत आहे ती पानाला. पान ओल्या फडक्याने पुसायचं, देठाचा कडक कणा सुरीने किंचित छिलायचा. दोन पानं एकावर एक, उलट्या दिशेने. डाव्या हातात धरून शंकू करायचा, खालचं टोक मागे दुमडून बोटांत घट्ट पकडायचं, म्हणजे तळाशी भोक राहत नाही. उजव्या हाताने एक पळी वाटण, त्यात उकडलेल्या अंड्याची फोड, माशाचा तुकडा. वरचा काठ दुमडून, शेपूट खाली घालून, पुडी पातेल्यात कलती ठेवायची. पातेल्याच्या तळाशी कापून ठेवलेले पानांचे देठ पसरायचे आणि अगदी थोडं पाणी घालायचं. आंटींचे हात हे सगळं न बघता करतात. मी बराच काळ फक्त त्यांची मूठ पाहत होते: शंकू तळाशी दाबणारा त्यांचा करंगळीजवळचा भाग कधीच सैल पडत नाही.

पाऊण तास ते तासभर वाफ. झाकण काढल्यावर येणारा वास कुठल्याच डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत केलेल्या मोई मोईला येत नाही. हल्ली बहुतेक लोक पिशव्याच वापरतात, सोयीचं पडतं हे खरं, पण हळदीच्या पानाशिवाय पातोळ्या केल्या तर जे हरवतं तेच इथेही हरवतं. पान सोलल्यावर पदार्थावर पानाच्या शिरांचे ठसे उमटलेले असतात. सात प्रकारचं सारण भरलेल्या मोई मोईला योरुबात ‘सात जीवांची मोई मोई’ म्हणतात, आणि ती लग्नाकार्याची.

तेच वाटण घट्ट ठेवलं, पाणी जवळजवळ न घालता वाटलं आणि लाकडी मुसळाने किंवा हाताने खूप फेटून हवा भरली की आकारा होतो. मीठ अगदी तळायच्या वेळी घालायचं, नाहीतर फेटलेलं बसतं. बाहेरून कुरकुरीत, आतून कापूस. शनिवारी सकाळी आकारा आणि मक्याची आंबवलेली पेज, म्हणजे ओगी, हा इथला ठरलेला नाश्ता. गुलाम म्हणून नेलेल्या बायकांनी हाच पदार्थ समुद्रापलीकडे ब्राझीलमधल्या बाहियाला नेला. तिथे आजही तो आकाराजे नावाने रस्त्यावर पाम तेलात तळतात. एवढं सगळं हिरावलं गेलेल्या माणसांनी हातात राखलेली ही एक कृती आहे, आणि मी फेटताना दर वेळी त्यांची आठवण काढते.

जोलोफ भाताबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. घाना चांगला की नायजेरिया हा वाद मला रिकामा वाटतो. या भाताचं मूळ सेनेगलकडे आहे आणि तिथल्या मासे-भाताला 2021 साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. नायजेरियन पद्धतीत उकडा लांब तांदूळच लागतो, बासमती नको, तो मोडतो. वरचाच रस्सा, त्यात टोमॅटो पेस्ट परतून, थाइम, करी पावडर, तमालपत्र. पाणी तांदळाच्या पातळीपेक्षा वर जाऊ द्यायचं नाही. फॉइल लावून झाकण घट्ट बसवायचं आणि मंद आचेवर वाफेत शिजू द्यायचं. शेवटी आच वाढवून तळाची खरपुडी मुद्दाम धरू द्यायची, म्हणजे लाकडावर मोठ्या हंड्यात शिजलेल्या समारंभाच्या भाताचा तो धुरकट वास घरच्या गॅसवरही थोडाफार येतो.

एगुसी शिकले ते एनुगूकडच्या इग्बो मैत्रिणीकडून. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या भावकीतल्या एका फळाच्या बिया. आपल्या मगजासारख्याच दिसतात, थोड्या मोठ्या. सोलून, कोरड्या दळायच्या. तिची पद्धत गोळ्यांची: पुडीत वाटलेला कांदा आणि थोडं पाणी घालून घट्ट गोळा मळायचा. पाम तेलात कांदा आणि मिरचीचं वाटण परतून मटणाचं पाणी घालायचं आणि उकळी आली की हा गोळा बोटांनी तोडून लहान लहान सोडायचा. झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावायचा नाही. ‘ढवळलंस तर ते सूप होईल, एगुसी होणार नाही,’ असं ती बजावते. गोळे धरले की हलकेच मोडायचे. बियांचं तेल सुटून वर येतं. मग सुक्या कोलंबीची पूड, जिला इथे क्रेफिश म्हणतात आणि जी आपल्या सुक्या करंदीची धुरावलेली बहीण आहे. शेवटी चिरलेली उगूची, म्हणजे एका भोपळ्याच्या वेलाची, पानं किंवा चोळून चोळून कडवटपणा काढलेली कडू पानं.

तिच्या एगुसीत स्टॉकफिश असतोच. नॉर्वेत थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर वाळवलेला कॉड मासा, लाकडासारखा कडक. तो व्यापारातून आधीपासूनच येत होता, पण 1967 ते 1970 च्या यादवी युद्धात बियाफ्रात, म्हणजे नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या आग्नेयेकडच्या इग्बो भागात, उपासमार झाली तेव्हा मदतीच्या विमानांतूनही तो आला आणि इग्बो घरांत कायमचा राहिला. मैत्रीण तो रात्रभर भिजवते, सकाळी काटे काढते आणि हे करताना कमी बोलते. तिच्या आईच्या लहानपणी तोच एक तुकडा घरात असायचा, एवढं तिने मला एकदा सांगितलं. त्यानंतर त्या माशाच्या वासाबद्दल कुणी माझ्या घरी तोंड वाकडं केलेलं मला चालत नाही.

या सगळ्या सूपांबरोबर भात नसतो, ‘स्वॉलो’ असतो: उकड काढल्यासारखा मऊ गोळा. सर्वांत सोपा एबा. कसावा किसून, आंबवून, पिळून, कोरडा भाजून जो रवा होतो तो गारी. आंबवण्या-पिळण्यातून कसाव्यातलं विषारी द्रव्य निघून जातं, म्हणून तो वेळ कुणी वाचवायला जात नाही. उपासाचा साबुदाणाही याच कंदाचा. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आफ्रिकेत आणला. वाडग्यात कडकडीत उकळतं पाणी, त्यावर गारी पावसासारखी भुरभुरायची, झाकण, दोन मिनिटं, मग लाकडी चमच्याने जोरात ओढायची. इजेबूकडची गारी आंबट, ती मला जास्त आवडते.

कुटलेला याम हे मात्र शक्तीचं काम. याम हा कोनफळाच्या कुळातला, पण खोडाएवढा जाड, खरखरीत सालीचा पांढरा कंद. जगातला निम्म्याहून अधिक याम नायजेरियात पिकतो. सोलताना हात खाजतात. तुकडे उकडून गरम असतानाच उखळात घालायचे. आधी दाबून मोडायचे, मग मुसळ उचलून कुटायचं. सुरुवातीला भुगा होतो, मग अचानक तो एकमेकांना धरतो आणि मुसळाला चिकटून ताणला जातो. गुठळी एकही राहता कामा नये. फ्लॅटमध्ये उखळाचे ठोके खालच्यांना नको होतात, म्हणून मी हे आंटींच्या मागच्या अंगणातच करते. बाजारात याम पीठही मिळतं, घाईच्या दिवशी तेच. जेवताना उजव्या हाताने छोटा गोळा मोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, सूप उचलायचं आणि न चावता गिळायचं. आपल्याला चावायची सवय असते. ती सुटली की सुपाचं अंग जिभेवर कळतं. आणि कुणी दारात आलं तर ‘ए वा जेऊन’, या जेवायला, म्हणायचंच. ते राहून गेलेलं आंटींना खपत नाही.

माझ्या शाकाहारी मैत्रिणी मला नेहमी विचारतात की त्यांच्यासाठी यात काय आहे. बरंच आहे. मासे, सुकी कोलंबी, अंडं आणि मटणाचं पाणी न घातलेली मोई मोई, आकारा, पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप म्हणजे डोडो, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे इबादानकडची अमाला. सुकवलेल्या यामच्या पिठाची तपकिरी, रेशमासारखी उकड, ओरोगुन नावाच्या लाकडी दांड्याने आचेवरच घोटलेली. तिच्यावर दोन सूपं शेजारी शेजारी. एक एवेदू, तागाच्या कुळातली पानं उकडून इजाबे नावाच्या छोट्या केरसुणीने पातेल्यातच फेटलेली, तार सुटेपर्यंत. दुसरं ग्बेगिरी, सोललेली चवळी मऊ शिजवून घोटलेली, पाम तेल, मिरची आणि इरू घालून. पिवळं आणि हिरवं एकमेकांत मिसळू लागलं की मधोमध लाल रस्सा. बाहेर खाल तर रस्स्यात मांस असतंच, म्हणून शाकाहारी माणसाने हे घरीच करावं.

पुण्या-मुंबईत बसून सुरुवात करायची असेल तर एगुसीऐवजी मगज किंवा भोपळ्याच्या बिया दळून चालतात, उगूऐवजी पालक, क्रेफिशऐवजी सुक्या करंदीची भाजून केलेली पूड, तताशेऐवजी लाल ढोबळी मिरची. मोई मोईला केळीचं पान आचेवर शेकून मऊ करून घ्यावं; ते शंकूत फाटतं, तेव्हा सरळ चौकोनी पुडी बांधावी. रोडोच्या जागी साध्या लाल मिरचीने तिखटपणा येईल, गंध येणार नाही. इरूला मात्र पर्याय नाही. लागोसहून कुणी येत असेल तर त्याच्याकडून मागवा, अख्ख्या दाण्यांचाच घ्या, मीठ लावून दोन डब्यांत एकात एक बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वापरायच्या आधी खडे निवडून एका पाण्यातून काढा.